उंच बाईचा स्वेटर

स्वस्तात कुठे फिरावं हे लोकांना सांगून मी बारा वर्षं पोट भरलं. आमच्या साप्ताहिकात 'कोपऱ्यातले देश' नावाचं माझं सदर यायचं. ज्यांचं नाव नकाशावर त्यांच्या हद्दीत मावत नाही, म्हणून शेजारच्या समुद्रात छापावं लागतं, असे देश मी निवडायचो आणि तिथे कमी पैशांत आठवडाभर कसं ऐटीत राहता येतं ते लिहायचो. वाचक खूश होते. त्यातले बहुतेक जण कुठेच जाणार नव्हते, त्यामुळे माझ्या चुका कुणाला सापडत नसत.

मीही कुठे जात नव्हतो. पहिल्या दोन देशांना खरंच जाऊन आलो. दुसऱ्या देशात पोट बिघडून आठ दिवस अंथरुणात काढले, आणि परत आलो तर संपादक म्हणाले की फिरतीचे पैसे संपले, आता इथूनच लिहा. वकिलातींची माहितीपत्रकं फुकट मिळतात, वाचनालयात वेळापत्रकं असतात, तिकीट कार्यालयातल्या एका माणसाशी त्यांची ओळख होती. उंटावरून शेळ्या हाकायच्या, एवढंच. अट एकच होती. ज्या दहा दिवसांत मी परदेशी असायला हवा, त्या दहा दिवसांत मी गावात कुणाला दिसता कामा नये. त्यासाठी त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका लाँड्रीच्या वर मला खोली घेऊन दिली. दर महिन्याला मी सुटकेस घेऊन घरातून निघायचो, कोपऱ्यावरून वळून पुढच्या स्टॉपवर सात नंबरची बस पकडायचो आणि शेवटच्या स्टॉपवर उतरायचो. चाळीस मिनिटं लागायची.

घरी आई आणि ताई. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, लग्न केलेलं नाही, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. दोघींना मी हे सांगितलं नव्हतं. आईला न सांगण्याचं कारण सोपं होतं. तिच्या पोटात काही राहत नसे, दूधवाल्याला आमच्या घरातलं माझ्याआधी कळायचं. पण ताईला सांगता आलं असतं. ती मूग गिळून बसणाऱ्यांतली होती. तिला का सांगितलं नाही हे मी स्वतःला बरीच वर्षं नीट विचारलं नाही.

आता विचारतो, तर उत्तर असं आहे. सदराला दहा वर्षं झाली तेव्हा आई पडली, कंबरेचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. दोन वर्षं तशीच होती. तिला कुशीवर वळवायचं, चादरी बदलायच्या, भांडं द्यायचं, भरवायचं. ताईला मी खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती की मग संध्याकाळी घरी येत जा, चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. तिचं बरोबरच असतं. आणि मला यायचं नव्हतं. लाँड्रीच्या वरच्या खोलीत साबणाचा वास यायचा, खाली यंत्रांची एकसुरी घरघर असायची आणि कुणी कण्हत नसे.

आमच्या सदरात चार चौकटी असायच्या. कसे जाल, कुठे राहाल, खर्च किती, आणि चौथी, एक माणूस. चौथी चौकट संपादकांची लाडकी. ते म्हणायचे की देश कुणाला आठवत नाही, माणूस आठवतो. पहिल्या तीन चौकटी मी वेळापत्रकांतून भरायचो. चौथी मनातून. नावाडी, शिंपी, घड्याळजी, एक आंधळा पोस्टमन, मी किती माणसं जन्माला घातली याची मोजदाद नाही. लोणकढी थापच ती, पण सफाईदार.

तळ्याच्या देशासाठी मी एक उंच बाई लिहिली. तो देश डोंगरांच्या मधोमध आहे, मध्ये भलंमोठं तळं, आणि तिथे कुणीसुद्धा जात नाही. माझ्या लेखात तळ्याकाठी एक खानावळ होती, अक्रोडाच्या झाडाखाली बाक होतं, आणि खानावळीची मालकीण दारातून वाकून आत यायची एवढी उंच होती. खांदे रुंद, हसताना कंबरेवर हात. मला थंडी वाजतेय हे मी न सांगता तिला कळलं आणि तिने दुसरं पांघरूण आणून पायावर टाकलं. पैसे विचारले तर म्हणाली, तुझ्या आईने माझ्या मुलाला टाकलं नसतं का पांघरूण. हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायलो होतो.

ताई दर आठवड्याला आईला सदर वाचून दाखवायची. तो लेख तिने तीनदा वाचून दाखवला, असं मला नंतर कळलं. त्या 'फिरती'वरून मी घरी आलो तेव्हा आईने मला जवळ बसवून त्या बाईची चौकशी केली. किती उंच आहे, माझ्याएवढी? मी म्हटलं, छे, तुझ्या दीडपट. खांदे कसे? मी हाताने दाखवले. आईने माझे हात तसेच हवेत धरून ठेवायला सांगितले आणि नजरेने माप घेतलं. मला वाटलं, म्हातारीचा विरंगुळा. मी हसत उठलो.

वाचकांची पत्रं आली म्हणून संपादकांनी त्या देशावर आणखी तीन लेख मागितले, आणि मी पुन्हा सुटकेस उचलली. त्या वेळची गोष्ट. सकाळी दहाला साप्ताहिकाचा शिपाई चिठ्ठी घेऊन लाँड्रीच्या जिन्याने वर आला. ताईने ऑफिसात फोन केला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, आई पहाटे गेली, कळवा.

मी चपला घातल्या. बस स्टॉपपर्यंत गेलो. सात नंबर उभी होती, दार उघडं होतं. आणि पायरीवर पाय ठेवताना मला माझीच चौकट आठवली. कसे जाल : दोन विमानं, एक बस, पोचायला तीन दिवस. हे ताईने आईला तीनदा वाचून दाखवलेलं. तीन दिवसांच्या अंतरावरचा माणूस चाळीस मिनिटांत दारात कसा उभा राहणार? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी पाय मागे घेतला. ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

लाँड्रीतल्या फोनवरून घरी फोन केला. निघालोय, म्हटलं. मागे यंत्रं चालू होती. ताईने विचारलं, विमानतळावर आहेस का, फार आवाज येतोय. मी हो म्हटलं. ती म्हणाली, वाट बघितली असती रे, पण इतके दिवस ठेवता येणार नाही, मी करते सगळं. मी म्हटलं, कर.

मग मी त्या खोलीत तीन दिवस बसून राहिलो. शिक्षा म्हणून नव्हे, हिशेब जुळावा म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी दाढी वाढलेली, डोळे लाल, सुटकेस हातात, असा घरी गेलो. डोळे खरेच लाल होते, पण ते कुणासाठी होते ते मलाच सांगता आलं नसतं. ताईने दार उघडलं, माझ्या हातातली सुटकेस घेतली आणि म्हणाली, "दमला असशील. आंघोळीला पाणी तापवलंय." तिने एकटीने सगळं उरकलं होतं, आणि माझ्यासाठी पाणी तापवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी आंघोळ केली.

त्यानंतर मी सदर बंद केलं आणि साप्ताहिकात मुद्रितं तपासायला लागलो. ओळखीचे सगळे म्हणायचे, आईचा धक्का बसला बिचाऱ्याला. मी ते म्हणू दिलं.

सहा वर्षांनी ताई निवृत्त झाली. दुकानाने तिला निरोपाला एक भिंग दिलं, बारीक अक्षरं वाचायला. त्याच आठवड्यात तिने कपाटातून एक पुडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. आत तांबड्या लोकरीचा स्वेटर होता, एवढा मोठा की दोन माणसं मावावीत. आईने खाटेवर पडल्या पडल्या विणला होता, त्या खानावळवालीसाठी. एक बाही राहिली होती. ताईने शेजारणीकडून विणणं शिकून ती पुरी केली, म्हणून ती बाही जरा घट्ट होती. ताई म्हणाली की आईचं शेवटचं सांगणं हेच होतं, माझ्या मुलाची जिने परक्या ठिकाणी काळजी घेतली, तिला हा नेऊन दे. मला आधीच सांगितलं नाही कारण मला त्या देशाचं नाव काढलेलं सोसत नाही असं तिला वाटे.

मी खूप फाटे फोडले. हवा वाईट असते, म्हटलं. बाई म्हातारी असेल, म्हटलं, असेल की नसेल कोण जाणे. एवढ्या लांब तुझे गुडघे, म्हटलं. ताईने ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की तिकिटं काढून झाली आहेत, दोघांची. तूच लिहिलंयस ना, तिथे पैसे फार लागत नाहीत. आणि तुला वाट माहीत आहे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी सुटकेस भरायला घेतली.

तो देश मी लिहिला होता त्यापेक्षा सुंदर निघाला. याचा मला फार राग आला. बसमधून तळं पहिल्यांदा दिसलं तेव्हा ताईने माझा हात दाबला, आणि मी पहिल्यांदाच बघतोय हे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी चपलेचा पट्टा बांधत बसलो. बाकी सगळं माझ्या लेखाच्या उलट होतं. बसस्थानक नदीच्या या बाजूला नव्हतं, पलीकडे होतं, आम्ही ओझं घेऊन पूल दोनदा ओलांडला. पलीकडच्या काठाला दर तासाला होडी जाते असं मी ठोकून दिलं होतं, ती आठवड्यातून दोनदाच जात होती, मंगळवारी आणि शुक्रवारी. अक्रोडाचं झाड नव्हतं. बाक नव्हतं. खानावळ होती, तिचा मालक एक ठेंगणा, मिशाळ माणूस होता. मी म्हटलं, सहा वर्षांत सगळं बदललं. ताई म्हणाली, झाडसुद्धा?

मला वाटलं, बाई सापडली नाही की विषय संपेल. पण जिथे कुणी जात नाही तिथे कुणी आलं की अख्खं गाव पाहुण्यांचं होतं, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. ताईने हातवारे करून उंची दाखवली, कंबरेवर हात ठेवून हसून दाखवलं, स्वेटर उलगडून दाखवला. गावातल्या शाळेच्या मास्तरांना आम्हाला समजेल अशी भाषा येत होती, त्यांनी सगळ्यांना अर्थ सांगितला. आई आजारी होती, तिने विणलाय, हे कळल्यावर पाववाल्या बाईने डोळे पुसले. आणि मग गाव शोधाला लागलं.

दोन दिवस गावातल्या उंच बायका एकेक करून खानावळीत येत होत्या. एक शेतातून चिखलाच्या बुटांनी आली. एक पोस्टातली होती, ती टेबलावर मुठी ठेवून उभी राहिली आणि ओळखतोस का म्हणून माझ्याकडे बघत राहिली. एक तर उंचही नव्हती, पण तिच्या नवऱ्याने तिला आग्रहाने आणलं होतं, न जाणो. प्रत्येक वेळी ताई माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचो. खानावळवाला आम्हाला जेवणाचे पैसे देऊ देईना. मी बसल्या जागी घाम पुसत होतो. एवढी भली माणसं मी माझ्या चौकटीत कधी लिहिली नव्हती.

सोमवारी सकाळी मास्तर टोपी हातात घेऊन आले. खूप विचारपूस केली, म्हणाले. गावात एक उंच विधवा होती, कधीमधी प्रवाशांना घरी ठेवून घ्यायची, मोठ्याने हसायची. तीच असणार. दोन हिवाळ्यांपूर्वी वारली. ताई तिथेच खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. आईच्या वेळी मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, कारण मी नव्हतोच.

मास्तर आम्हाला टेकडीवरच्या दफनभूमीत घेऊन गेले. एका साध्या दगडाकडे बोट दाखवून ते आदबीने फाटकाशी जाऊन थांबले. ताईने दगडावरची पानं बाजूला केली. पिशवीतून स्वेटर काढला, त्याच्या बाह्यांची नीट घडी घातली. ती बाई कोण होती, तिने आयुष्यात कुणाला पांघरूण दिलं होतं की नव्हतं, देव जाणे. ताई तिला सांगत होती, उशीर झाला, माफ करा. आणि स्वेटर ठेवायला वाकली.

"ताई, ठेवू नकोस," मी म्हणालो.

ती वाकलेलीच राहिली. मी म्हणालो की ही ती नाही. ती कुणीच नाही. मी तिला लिहिली. या गावात मी परवा पहिल्यांदा आलो.

ताई सावकाश सरळ झाली. तिला राग येईल, ती ओरडेल, असं वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने स्वेटर छातीशी धरला आणि चष्म्याची काच तपासताना बघायची तसं माझ्याकडे बघितलं.

"मग तू कुठे होतास?"

लाँड्रीच्या वर, मी सांगितलं. शेवटच्या स्टॉपजवळ. दर महिन्याला.

"आई गेली तेव्हा?"

"तिथेच."

"किती वेळ लागतो तिथून?"

"चाळीस मिनिटं."

तिने स्वेटरची घडी नीट केली. मग विचारलं, "कुठली बस?"

"सात नंबर."

"सात नंबर आपल्या खिडकीखालून जाते," ती म्हणाली. "आईची खाट मी त्या खिडकीशी लावली होती. ती बसेस मोजायची."

मग ती फाटकाकडे चालू लागली. मास्तरांना काय झालं ते समजलं नाही. त्यांनी दोघांनाही आपला हात देऊ केला, उतार निसरडा होता. ताईने तो घेतला. मी घेतला नाही. खाली येईपर्यंत मी त्यांच्या मागे चालत होतो, आणि मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही, नुसती लाज.

दिवसभर ती खोलीतून बाहेर आली नाही. मंगळवारी सकाळी ती जिन्यावरून उतरली तेव्हा अंगात तो स्वेटर होता. ताई चणीने आईवर गेलेली, बारकी. स्वेटर गुडघ्यापर्यंत आला होता, खांदे दंडांवर ओघळले होते, बाह्या चार-चार वेळा दुमडल्या होत्या. खानावळवाला बघतच राहिला. ती माझ्यासमोर बसली आणि चहा ओतून घेतला.

"आई म्हणाली होती, माझ्या मुलाची जिने काळजी घेतली तिला दे," ती म्हणाली. "रात्रभर विचार केला. दुसरी कुणी आठवली नाही."

मी माफी मागायला सुरुवात केली. तिने हात वर केला तेव्हा दुमडलेली बाही उलगडून बोटांवर आली. ती पुन्हा नीट दुमडत ती म्हणाली की आज होडी आहे, तिला पलीकडचा काठ बघायचाय. एवढ्या लांब आलोय तर देश तरी बघून घेते. मी घाईने उठलो, दोन तिकिटं काढतो म्हणालो.

"एकच काढ."

"आणि मी?"

"तू थांब इथे. मी शुक्रवारी येते."

"ताई, तीन दिवस मी इथे काय करू?"

तिने कप खाली ठेवला. "वाट बघ," ती म्हणाली. "मी बघितली होती."

धक्क्यावर गावातली बरीच माणसं तिला पोचवायला आली होती. पोस्टातल्या उंच बाईने तिला हात धरून होडीत बसवलं आणि कंबरेवर हात ठेवून हसली. ताईही तिच्याकडे बघून हसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. होडी निघाली. मी शेजारी उभ्या असलेल्या मास्तरांना विचारलं, पलीकडे पोचायला किती वेळ लागतो? पाऊण तास, ते म्हणाले, वारा चांगला असेल तर त्याहून कमी. लांब नाही तसं.

माणसं पांगली. बसायला बाक नव्हतं, म्हणून मी धक्क्याच्या पायरीवर बसलो. तांबडा ठिपका लहान होत होत पलीकडच्या घरांपाशी पोचला आणि दिसेनासा झाला. मी मंगळवार, बुधवार, गुरुवार मोजले आणि वाट बघायला लागलो.